स्वीडनचा १७ वर्षांचा आइस हॉकी फॉरवर्ड: गुणतक्त्यापलीकडे त्याची आक्रमणक्षमता कशी जोखायची?

प्रश्न थोडक्यात असा: समजा, स्वीडनमधला एक १७ वर्षांचा विंगर (कडेने खेळणारा फॉरवर्ड) मोठ्यांच्या एसएचएल या देशातल्या सर्वोच्च आइस हॉकी लीगमध्ये ३० सामन्यांत फक्त ८ गुण (गोल आणि असिस्ट, म्हणजे गोलाआधीचे शेवटचे एक-दोन पास, मिळून) करतो, पण २० वर्षांखालच्या जे-२० नॅशनेलमध्ये दर सामन्याला एकापेक्षा जास्त गुण मिळवतो. उत्तर अमेरिकेतल्या एनएचएल लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तिथे, त्याला पहिल्या दहांत धरायचं, की 'कष्टाळू आहे, पण गोल होणार नाहीत' म्हणून खाली ढकलायचं?

नुसत्या ८ गुणांवरून यातलं काहीच ठरत नाही. का ते एका खऱ्या जोडीवरून बघू. २०१९-२० च्या हंगामात फ्रोलुंडाकडून लुकास रेमंडने एसएचएलच्या ३३ सामन्यांत १० गुण केले: ४ गोल, ६ असिस्ट. त्याच हंगामात यूरगॉर्डनच्या अलेक्झांडर होल्ट्झने ३५ सामन्यांत १६ गुण केले, त्यात ९ गोल. दोघे विंगर, दोघांचा जन्म २००२ चा, वयात जेमतेम दोन महिन्यांचं अंतर. तक्ता पाहिला तर होल्ट्झ स्पष्ट पुढे. २०२० च्या ड्राफ्टमध्ये मात्र डेट्रॉइटने रेमंडला चौथा घेतला आणि न्यू जर्सीने होल्ट्झला सातवा. रेमंडने एनएचएलच्या पहिल्याच हंगामात ५७ गुण केले आणि २०२४-२५ मध्ये ८० पर्यंत गेला. होल्ट्झने २०२३-२४ मध्ये सगळे ८२ सामने खेळून २८ गुण केले आणि त्यानंतर त्याला वेगासकडे पाठवण्यात आलं. कमी गुण करणारा मुलगा पुढे निघून गेला. म्हणजे गुण किती, याआधी ते कसे आले हे विचारायला हवं.

सुरुवात बर्फावरच्या वेळापासून करा. सामना ६० मिनिटांचा, एका वेळी तीन फॉरवर्ड बर्फावर, म्हणजे वाटायला साधारण १८० मिनिटं. ती १२-१३ फॉरवर्डमध्ये विभागली जातात. सरासरी १४ मिनिटांच्या आसपास येते, पण वाटणी समान कधीच नसते. पहिल्या लाइनला (एकत्र उतरणाऱ्या तीन फॉरवर्डच्या गटाला) १७-१८, चौथ्या लाइनवरच्या पोराला आठ-नऊ. एखाद्या रात्री दोन-तीन शिफ्टनंतर (बर्फावरच्या छोट्या पाळ्यांनंतर) तो बाकावरच बसलेला असतो, पण तो सामना त्याच्या नावावर पूर्ण मोजला जातो. म्हणून 'दर सामन्याला गुण' हा हिशेब इथे फसवा ठरतो. त्याऐवजी दर ६० मिनिटांचा हिशेब मांडा. आपल्या मुलाने ३० सामन्यांत सरासरी ९ मिनिटं खेळली असतील तर एकूण २७० मिनिटं झाली. ८ गुण भागिले २७०, गुणिले ६०: सुमारे १.८. त्याच क्लबचा एखादा नेहमीचा विंगर ५० सामन्यांत १७ मिनिटांप्रमाणे ८५० मिनिटं खेळून २८ गुण करत असेल, तर त्याचा दर येतो सुमारे २. आता हा पोरगा कष्टाळू पण निरुपयोगी वाटतो का? तो मोठ्यांच्या जवळजवळ बरोबरीने उत्पादन देतो आहे.

मात्र २७० मिनिटं हा फार छोटा नमुना आहे. एक गोल इकडचा तिकडे झाला की दर ०.२ ने हलतो. म्हणून या आकड्याचा उपयोग एवढाच, की मुलाला फेटाळण्याआधी आपण थांबतो.

वेळ कमी का मिळतो, हेही समजून घ्यायला हवं. एसएचएलमधून तळाचे संघ खालच्या लीगमध्ये जातात. मोडोसारखा नावाजलेला क्लब २०१६ मध्ये खाली गेला, २०२३ मध्ये परत आला आणि २०२५ मध्ये पुन्हा गेला. यूरगॉर्डन २०२२ मध्ये घसरला, आणि योनाथन लेक्केरिमाकीचं ड्राफ्टचं वर्ष नेमकं तेच होतं. त्याने एसएचएलमध्ये २६ सामन्यांत ९ गुण केले आणि व्हँकुव्हरने त्याला पंधरावा घेतला. लीगमधलं स्थान धोक्यात असताना प्रशिक्षक १७ वर्षांच्या मुलाच्या चुका सहन करत नाहीत, कारण त्या चुकांची किंमत अख्खा क्लब मोजतो. तक्त्यात वरच्या क्लबचीही अडचण वेगळी नाही, तिथे पहिल्या दोन लाइन आधीच भरलेल्या असतात. मुलाचा क्लब कुठे उभा होता हे पाहिल्याशिवाय त्याच्या मिनिटांचा अर्थ लावू नका.

आता ते ८ गुण फोडा. प्रत्येक गोलाची चित्रफीत लावा आणि वहीत चार गोष्टी लिहा: पाच विरुद्ध पाच होता की पॉवर प्ले (समोरचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असताना), त्याचा गोल, पहिला असिस्ट की दुसरा, गोलजाळी रिकामी होती का, आणि त्याने स्पर्श केला नसता तर तो गोल झाला असता का. शेवटचा प्रश्न सर्वांत मोलाचा. दुसरा असिस्ट बऱ्याचदा असा असतो की मुलाने निळ्या रेषेवर (आक्रमण-क्षेत्राच्या हद्दीवर) डिफेन्समनला साधा पास दिला, त्याने पुढच्याला दिला, त्याने मारला. गुण मिळाला, पण संधी त्याने घडवली नाही. उलट तीन बचावपटूंच्या मधून काढलेला पास साथीदाराने जाळीबाहेर मारला, तर तक्त्यात शून्य. चौथ्या लाइनवरचे साथीदार गोल करणारे नसतातच, त्यामुळे वाया गेलेल्या पासांची वेगळी यादी ठेवावीच लागते. ८ गुणांपैकी ५ त्याने स्वतः घडवलेले असतील आणि शिवाय १०-१२ पास साथीदारांनी घालवले असतील, तर हा मुलगा मोठा खेळाडू होण्याच्या वाटेवर आहे. ८ पैकी ६ पॉवर प्लेवर, तेही दुसरे असिस्ट असतील, तर सावध व्हा.

फटक्यांचंही तसंच. समजा, एखाद्या मुलाने ४० फटक्यांत ८ गोल केले, म्हणजे २० टक्के. एनएचएलचे फॉरवर्ड साधारणपणे १० टक्क्यांच्या थोडं वर राहतात. तेव्हा हा आकडा खाली येणार असं धरूनच चाला, आणि टक्केवारीपेक्षा फटके कुठून निघाले ते पाहा. गोलसमोरच्या दोन फेसऑफ (खेळ पुन्हा सुरू करण्याच्या) ठिपक्यांच्या मधली जागा, जिला सगळे स्लॉट म्हणतात, तिथून निघालेले फटके मोजा. ४० पैकी २० तिथून असतील तर टक्केवारी घसरली तरी गोल होत राहतील.

जन्मतारीख बघायला लोक विसरतात, आणि तिथे मोठी फसगत होते. त्या वर्षीच्या १५ सप्टेंबरपर्यंत १८ पूर्ण करणारा मुलगा त्या वर्षीच्या ड्राफ्टला पात्र. त्यामुळे एकाच ड्राफ्टमध्ये जवळजवळ वर्षभराचं अंतर असलेली मुलं शेजारी उभी राहतात. एलियास पेटरसन १२ नोव्हेंबर १९९८ चा, निवडला गेला २०१७ मध्ये. फिलिप फोर्सबर्ग १३ ऑगस्ट १९९४ चा, निवडला गेला २०१२ मध्ये. आपापल्या ड्राफ्टच्या हंगामात पेटरसन नऊ महिन्यांनी मोठा होता. १७ व्या वर्षी नऊ महिने म्हणजे खांदे, मांड्या आणि पहिल्या तीन पावलांचा जोर. दोघेही त्या हंगामात दुसऱ्या स्तरावरच्या हॉकीऑलस्वेन्स्कानमध्ये खेळले: पेटरसनचे तिमरोकडून ४३ सामन्यांत ४१ गुण, फोर्सबर्गचे लेक्सांडकडून ४३ सामन्यांत १७. आकडे शेजारी ठेवले तर तुलनाच होत नाही. तरी फोर्सबर्गने पुढे नॅशव्हिलकडून २०२३-२४ मध्ये ९४ गुण केले.

त्याच १७ गुणांची आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. येस्पर ब्रॅटने २०१५-१६ मध्ये एआयकेकडून त्याच लीगमध्ये ४८ सामन्यांत १७ गुण केले. फोर्सबर्गसारखेच ८ गोल आणि ९ असिस्ट, जन्मही फोर्सबर्गसारखाच उन्हाळ्यातला, ३० जुलै १९९८. फोर्सबर्ग अकरावा निवडला गेला आणि ब्रॅट १६२ वा. ब्रॅट अंगाने लहान होता. २०२४-२५ मध्ये त्याने न्यू जर्सीकडून ८८ गुण केले. उन्हाळ्यात जन्मलेला, मोठ्यांमध्ये खेळणारा, छोट्या अंगाचा मुलगा यादीत खाली दिसला की थांबून त्याचे पूर्ण सामने बघा. स्वीडनमधून स्वस्तात रत्न मिळायची जागा वर्षानुवर्षं हीच आहे.

लीगचा स्तर कसा धरायचा? जे-२० नॅशनेलमधल्या गुणांना मी सगळ्यांत कमी वजन देतो. तिथे ताकदवान मुलाला बाहेरून वळसा घालून गोलवर जाता येतं, बचावपटू चूक करतोच, आणि पक (खेळायची रबरी चकती) त्याच्याकडे आपोआप येतो. जे-२० मध्ये एवढंच बघायचं की तो तिथल्यांपेक्षा वरचढ आहे का. नसेल तर प्रश्न गंभीर आहे, असेल तर ती फक्त प्रवेशाची अट पूर्ण झाली. हॉकीऑलस्वेन्स्कानमध्ये मोठी माणसं खेळतात आणि मुलाला १५-१६ मिनिटं मिळू शकतात, म्हणून तिथला आकडा जास्त बोलका असतो. आंतोन फ्रोंडेलने २०२४-२५ मध्ये यूरगॉर्डनकडून तिथे २९ सामन्यांत २५ गुण केले आणि शिकागोने त्याला तिसरा घेतला. एसएचएलमध्ये १७-१८ व्या वर्षी नियमित जागा मिळणं हीच मोठी गोष्ट. लिओ कार्लसनने २०२२-२३ मध्ये ओरेब्रूकडून ४४ सामन्यांत २५ गुण केले, तो दुसरा गेला.

एसएचएलचा गुण एनएचएलमध्ये किती भरतो, याची गणितं बरीच आहेत. ढोबळ मानाने अर्ध्याच्या थोडं वर धरतात. पेटरसनने २०१७-१८ मध्ये वेक्शोकडून ४४ सामन्यांत ५६ गुण केले आणि पुढच्या वर्षी व्हँकुव्हरकडून ७१ सामन्यांत ६६. म्हणजे १.२७ वरून ०.९३, सुमारे ७३ टक्के टिकले. सेडीन बंधूंचं उलट झालं. १९९९-२००० मध्ये मोडोकडून हेन्रिकने ४७ आणि डॅनियलने ४५ गुण केले होते, प्रत्येकी ५० सामन्यांत. एनएचएलच्या पहिल्या हंगामात ते २९ आणि ३४ वर आले. २०१० मध्ये हेन्रिक आणि २०११ मध्ये डॅनियल गुणांमध्ये साऱ्या लीगमध्ये पहिले आले, पण मध्ये दहा वर्षं गेली. गुणक सरासरी सांगतो. एका मुलासाठी तो वापरताना पुढेमागे खूप जागा सोडा.

इथपर्यंतचं काम कागदावर होतं. खरा कस लागतो तो चित्रफितीवर. गोलांच्या झलका बघून काही कळत नाही, कारण त्यात फक्त यश असतं. पाच ते आठ पूर्ण सामने निवडा: दोन परगावचे, एक तगड्या संघाविरुद्ध, एक आठवड्यातल्या तिसऱ्या सामन्यातला, आणि एप्रिलच्या १८ वर्षांखालच्या विश्वस्पर्धेतले दोन. तिथे तो पहिल्या लाइनवर असतो आणि मोकळीक मिळाल्यावर काय करतो ते दिसतं. रेमंडने २०१९ मध्ये अर्नशोल्ड्सविकला याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात रशियाविरुद्ध तीन गोल केले, त्यातला शेवटचा जादा वेळेत, आणि स्वीडनला या स्पर्धेतलं पहिलं सुवर्ण मिळालं. तेव्हा तो १७ चा होता. एका सामन्यावरून निवड करू नये हे खरं, पण असा सामना नोंदीतून गळूही नये.

बघायचं काय? सर्वांत आधी, पक येण्यापूर्वीचा एक सेकंद. उदाहरण घ्या. डिफेन्समन उजव्या कडेने पक वर सोडतो आणि विंगर काठाशी, म्हणजे मैदानाभोवतीच्या भिंतीशी, तो घ्यायला जातो. बहुतेक मुलं पककडे बघत जातात, पक काठीला लागतो, मग मान वर होते, तोवर बचावपटू पाठीवर आलेला असतो आणि पक काचेवरून बाहेर जातो. चांगला मुलगा पक वाटेत असतानाच दोनदा खांद्यावरून मागे बघतो, एकदा बचावपटू किती दूर आहे ते आणि एकदा मध्ये सेंटर (मधला फॉरवर्ड) कुठे आहे ते. मग कंबर मैदानाच्या मध्याकडे वळलेली ठेवून, पायाची बोटं आधीच आत वळवून पक घेतो. पहिला स्पर्श आणि पास यांत अर्ध्या सेकंदाचंही अंतर राहत नाही. प्रत्येक शिफ्टमध्ये पक घेण्याआधी तो किती वेळा मागे बघतो, ते मोजा. साधी मोजणी आहे, पण गुणांच्या तक्त्यापेक्षा तिच्यावर माझा जास्त भरवसा आहे, कारण लीग बदलली तरी ही सवय बदलत नाही.

दुसरं, तो पक कुठे नेतो. इथे मैदानाचा आकार आड येतो. युरोपातलं पारंपरिक मैदान ३० मीटर रुंद, एनएचएलचं सुमारे २६. दोन्ही कडांना दोन-दोन मीटर जास्त. त्या दोन मीटरांत कसबी मुलगा पक घेऊन गोल फिरू शकतो, बचावपटू त्याला तिथे मोकळा सोडून गोलसमोर गर्दी करतात, आणि बघणाऱ्याला वाटतं, काय हात आहे पोराचा! एनएचएलमध्ये ते दोन मीटर नाहीत आणि बचावपटू अर्धा सेकंद लवकर येतो. बाहेरचं सगळं सौंदर्य तिथेच गळून पडतं. म्हणून प्रत्येक वेळी आक्रमण-क्षेत्रात पक हाती आल्यावर वहीत 'आत' किंवा 'बाहेर' अशी एक खूण करा. आत म्हणजे ठिपक्यांच्या मधल्या पट्ट्यात स्वतः गेला किंवा तिथे पास टाकला. पास अडवला गेला तरी 'आत'च लिहा, कारण आपण प्रयत्न मोजतो आहोत. कबड्डीत कोरड्या चढाया करून परत येणारा आणि कोपऱ्यातल्या गड्याच्या अंगावर जाणारा चढाईपटू यांत जो फरक, तोच हा. १७ व्या वर्षी, मोठ्यांमध्ये, मार बसणार हे माहीत असूनही जो मुलगा तीनात एकदा आत जायला बघतो, त्याला मी कधीही कमी लेखत नाही.

तिसरं, निळी रेषा ओलांडणं. पक हातात ठेवून किती वेळा आत आला, किती वेळा पुढे फेकून त्याच्यामागे धावला, आणि हातात ठेवून आला तेव्हा पुढच्या पाच सेकंदांत फटका निघाला का. पण प्रशिक्षकाचा आदेश लक्षात घ्या. चौथ्या लाइनला बऱ्याचदा पक खोल टाकायलाच सांगितलेलं असतं. तसं असेल तर याच मुलाचे जे-२० मधले सामने काढा आणि तिथे मोकळीक असताना तो काय करतो ते बघा. जे-२० च्या चित्रफितींचा खरा उपयोग हा आहे.

स्केटिंगबद्दल फार बोललं जातं, बरंचसं चुकीचं. सरळ रेषेतला वेग डोळ्यांत भरतो, पण गोल करायला लागते ती गती बदलण्याची ताकद. माग्नुस पायार्वी वेगासाठी ओळखला जायचा. २००९ मध्ये एडमंटनने दहावा घेतला, पहिल्या हंगामात ८० सामन्यांत ३४ गुण केले, आणि पुढे तो आकडा त्याला पुन्हा गाठता आला नाही. म्हणून एवढं बघा: वेगात असताना पास घेतो तेव्हा पाय थांबतात का? पक काठीवर असताना पायांची कैची चालू राहते का? बचावपटूच्या समोर येऊन अर्ध पाऊल मंदावतो आणि मग सुटतो का? पाय थांबणं ही वाईट खूण आहे, कारण पक हाताळताना त्याचं सगळं लक्ष हातांत अडकतं.

सुधारण्यासारखं काय आणि नाही काय, हे वेगळं ठेवा. वजन वाढतं, १८ ते २१ या काळात पाच-सात किलो चढणं नेहमीचं. पेटरसनला निवडला तेव्हा तो काडी होता, तरी दोन वर्षांत सर्वोत्तम नवोदिताचं काल्डर पारितोषिक घेऊन गेला. फटक्याचा जोर वाढतो. पहिली तीन पावलं थोडी सुधारतात, पण मंद मुलगा चपळ होत नाही. सेडीन बंधू कधीच वेगवान नव्हते, पण पक कुठे जाणार हे त्यांना इतरांआधी कळायचं. ते कळणं १७ व्या वर्षी दिसलं नाही, तर पुढे उगवेल या आशेवर पहिल्या फेरीतली निवड खर्च करू नका. फक्त फटक्यावर जगणाऱ्या मुलाबद्दलही हीच काळजी. होल्ट्झचा फटका वादातीत होता. पण एनएचएलमध्ये फटक्यासाठी मोकळी जागा स्वतः मिळवावी लागते, आणि ती मिळवून देणारे पाय आणि नजर यांची तपासणी फटक्याइतकीच कडक हवी.

निष्कर्ष लिहिताना एकच आकडा देऊ नका. 'पहिल्या लाइनचा विंगर होण्याची शक्यता एवढी, दुसऱ्याची एवढी, तिसऱ्याची एवढी' असं लिहा, आणि खाली लिहा की काय दिसलं तर मत बदलेल. प्रश्नातल्या मुलाचं माझं उत्तर असं: दर ६० मिनिटांचा दर १.८ च्या आसपास, निम्म्याहून जास्त गुण पाच विरुद्ध पाचमध्ये स्वतः घडवलेले, जन्म मे ते सप्टेंबरमधला आणि 'आत'च्या खुणा तीनात एक असतील, तर त्याला पहिल्या दहांत धरा, ८ गुण असले तरी. यातला दर सोडून बाकी काहीच जुळत नसेल, तर दुसऱ्या फेरीपर्यंत थांबा.

आणि हाताशी एकच संध्याकाळ असेल, तर परगावचा एक एसएचएल सामना लावा, फक्त त्याच्या शिफ्ट बघा आणि आवाज बंद ठेवा. समालोचक गोल झाल्यावर नाव घेतो, त्याने लक्ष विचलित होतं. दहा-बारा शिफ्ट असतील, जेमतेम नऊ मिनिटं. पहिल्या खेपेला पकाकडे अजिबात बघू नका, फक्त त्याची मान आणि पाय बघा. दुसऱ्या खेपेला 'आत' आणि 'बाहेर'च्या खुणा करा. तिसऱ्या खेपेला बघा, चूक झाल्यावर पुढच्या शिफ्टमध्ये तो तोच पास पुन्हा टाकतो की काठावरून पक सोडून देतो.